ऑइलचा काटा एकदम पडला? इंजिन खोलण्याआधी हे बघा

जुन्या ट्रकचा ऑइल प्रेशरचा काटा चालता चालता शून्यावर आला की गॅरेजवाल्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "इंजिन खोलावं लागेल." इंदूरला देवास नाक्यावर आमच्या गाडीचं हेच झालं. बिघाड निघाला इंजिनच्या ब्लॉकवरच्या छोट्याशा सेंडरचा, म्हणजे ऑइलचं प्रेशर ओळखून काट्याला सिग्नल देणाऱ्या भागाचा.

१. गाडी बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद. १० मिनिटं थांबून सपाट जागेवर डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघा.

२. डिपस्टिकवरचं ऑइल दोन बोटांत चोळा, वास घ्या. पातळ असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय. दुधाच्या चहासारखा रंग म्हणजे पाणी शिरलंय. दोन्हींत स्टार्टर मारूच नका.

३. ऑइल ठीक असेल तर इंजिन निवल्यावर सेंडर काढून त्याच जागी त्याच आट्यांचा मेकॅनिकल गेज (वायरशिवाय थेट प्रेशर दाखवणारा काटा) बसवा आणि फक्त १०-१५ सेकंद इंजिन चालवा. प्रेशर नीट आलं तर दोष सेंडरचा किंवा वायरचा. काटा हललाच नाही तर तिथेच बंद करा.

४. मग ऑइल फिल्टर कापा, आतला कागद उलगडून उन्हात धरा. चमचमणारा चुरा दिसला तर बेअरिंग गेलंय, आता इंजिन खोलावंच लागेल. कागद स्वच्छ असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा), चेंबरमधली (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीतली) जाळी आणि ऑइल पंप तपासा. जाळी गाळाने चोंदलेली फार वेळा सापडते.

सांभाळा एवढंच: आवाज येत नाही म्हणून गाडी हाकत घरी आणू नका. टोचन करून आणा. ऑइलशिवाय बेअरिंग काही मिनिटांतच जातं.