खाडीचा तळ मोजायला निघताना: आधी पट्टी

दाभोळच्या खाडीत, वाशिष्ठीच्या मुखाशी, तळाचा भूशास्त्रीय नकाशा करायला निघाला असाल तर ही यादी. होडी, डिझेल, लाइफ जॅकेट, प्यायचं पाणी हे सांगावं लागत असेल तर घरीच बसा. बंदर कार्यालयाची परवानगी कागदावर हवी, तोंडी चालत नाही.

पहिली वस्तू भरतीपट्टी. मोजलेल्या खोलीतून भरतीचं पाणी वजा करायचं ते हिच्यावरून. सेंटिमीटरच्या खुणा रंगवलेली लांब फळी, धक्क्याच्या खांबाला घट्ट बांधलेली, आणि तिच्यासमोर दर दहा मिनिटांनी आकडा टिपणारा माणूस. मागच्या खेपेला हीच राहिली. मोबाइलवरच्या भरतीच्या कोष्टकावर भागवलं, आणि नकाशात सपाट चिखलाच्या पायऱ्या झाल्या. कोष्टकातला आकडा गणिताने काढलेला असतो, तोही बंदराचा. खाडीत आत भरती उशिरा पोचते, वारा आणि नदी त्यात आपापली ढवळाढवळ करतात. म्हणून पट्ट्या दोन: एक दाभोळच्या धक्क्याला, दुसरी मोजणीच्या वरच्या टोकाला. दोन्हींचं शून्य जवळच्या पक्क्या खुणेशी लेव्हलने जोडा, नाहीतर रात्री एखादी होडी धडकून पट्टी सरकली तरी कळायचं नाही. आणि घड्याळं जुळवा. जीपीएसची वेळ जागतिक, वहीतली आपली. मध्ये साडेपाच तास. तेवढ्यात इथे भरतीची जवळजवळ ओहोटी झालेली असते.

दिवस तिथी बघून ठरवा. साइड-स्कॅन सोनारचा मासा (आवाजाने तळाचं चित्र काढणारं, होडीमागे दोरीने ओढायचं यंत्र) ओढायचा तर भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीचे दिवस. उधाणाच्या, म्हणजे पुनव-अवसेच्या मोठ्या भरतीच्या ओढीत तो वाकडातिकडा पोहतो आणि चित्र फाटतं. चिखलाच्या सपाटीवर होडी न्यायची तर उलट, उधाणाची भरतीच हवी. त्याच दिवशीच्या सुकतीला उघडी पडलेली खडपं पायी फिरून बघा. किनाऱ्यावर जांभा कुठे संपतो, खालचा बेसॉल्ट पाण्यात कुठे शिरतो, हे आधी डोळ्यांनी पाहिलेल्याला सोनारवरची काळी-पांढरी ठिगळं ओळखू येतात. बाकीचे अंदाज करत बसतात.

जाळ्यांचे खुंट कुठे आहेत ते तांडेलाला विचारा, नकाशाला नाही. दाभोळ-धोपावे फेरी मध्येच आडवी येते. मासा पाण्यात असताना तिच्या वाटेत शिरू नका.

सोनार खोली मोजतो ती आवाजाला तळाशी जाऊन यायला लागलेल्या वेळावरून, म्हणून पाण्यातला ध्वनीचा वेग रोज मोजा, खाडीच्या वरच्या अंगाला आणि मुखाशी, दोन्हीकडे. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी वाशिष्ठीत येतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही वरच्या अंगाला गोडं पाणी भेटतं, आणि ते किती हे वीजनिर्मितीवर ठरतं. कोमट गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, तितक्याच कोमट समुद्राच्या पाण्यात 1540. दहा मीटर खोलीवर पाव मीटरची चूक घरबसल्या. सकाळी लोखंडी पत्रा मोजक्या दोरीवर सोनारखाली सोडून आकडा पडताळा. (पट्टीवाला जागेवर आहे ना? फोन करा. चहाला गेलेला असतो.)

तळाखालचे थर बघणाऱ्या सोनारवर मध्येच सगळं धुरकट होऊन खालचं काहीच दिसेनासं झालं तर तो खडक समजू नका. कुजक्या चिखलात साठलेला वायू आवाज गिळतो. नकाशावर ‘वायू’ लिहा आणि पुढे चला.

नमुन्याशिवाय सोनारचं चित्र हे नुसतं चित्र. ग्रॅब (तळाचा गाळ उचलणारा लोखंडी जबडा) वर आला की आधी तो नीट मिटलाय का बघा: कालवाचं शिंपलं अडकून फट राहिली असेल तर बारीक गाळ वाटेतच गळून गेलेला असतो. तो नमुना फेका, पुन्हा टाका. नीट मिटलेल्या ग्रॅबमध्ये वर तपकिरी पातळ साय, खाली सड्या अंड्याच्या वासाचा काळा चिखल दिसतो. ढवळण्याआधी फोटो. चिठ्ठी पिशवीच्या आतही टाका, पेन्सिलने लिहिलेली. मार्कर ओल्या हाताने पुसला जातो. आणि वेळ लिहा, कारण तिथल्या खोलीतूनही भरती वजा करायची आहे. कुठून? पट्टीवरून.

पुढचं थोडक्यात. रोज संध्याकाळी डेटा दोन डिस्कवर, वहीच्या पानांचे फोटो. होडीच्या आडव्या रेघांवरची खोली उभ्या रेघांवरच्या खोलीशी, जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे, जुळते का ते खाडीत असतानाच बघा, परतल्यावर नाही. चाळणी 63 मायक्रॉनची: खाली चिखल, वर वाळू, दोन मिलिमीटरच्या वर रेव. सीमारेषा जिथे अंदाजाने ओढाल तिथे तुटक काढा. ग्रॅब गोड्या पाण्याने धुवा, बिजागऱ्या गंजतात.