सिलिंडरवरचा प्रवाह अभ्यासताय? या चुका टाळा

सबमिशन जवळ आलं की विंड टनेलभोवती, म्हणजे पंख्याने वारा सोडायच्या बोगद्याभोवती, गर्दी होते आणि सिलिंडरचं प्रॅक्टिकल अर्ध्या तासात उरकलं जातं. दरवर्षी चुकाही त्याच.

सगळ्यात जास्त चीड मला दोऱ्यांची येते. प्रवाह पृष्ठभाग कुठे सोडतो हे दिसावं म्हणून सिलिंडरवर दोऱ्याचे तुकडे लावतात. सोलापुरात सुताला काय तोटा! कुणीतरी मागावरचं चादरीचं जाड सूत आणतं आणि ते सेलोटेपने चिकटवलं जातं. एका ग्रुपने टेपचे दोन-तीन थर पुढच्या बाजूला, ५० अंशांच्या आसपास मारले होते. व्यास ५० मिलिमीटर, वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे रेनॉल्ड्स नंबर (वेग, आकार आणि हवेचा चिकटपणा यांवरून प्रवाहाचं स्वरूप सांगणारा आकडा) साधारण ५५,०००. एवढ्यावर बाउंडरी लेअर, म्हणजे पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर, लॅमिनार (शांत, थराथराने वाहणारा) असतो आणि प्रवाह समोरच्या बिंदूपासून ८० अंशांच्या आसपास सुटतो. यांचा सुटला ११० च्याही पुढे. मुलं खूश, ग्राफ काढून मोकळी. मी टेप सोलायला लावली आणि सेपरेशन, म्हणजे प्रवाह सुटण्याची जागा, ८० जवळ आलं. टेपच्या कडेने बाउंडरी लेअर टर्ब्युलंट (खळबळता) करून टाकला होता, आणि तसा थर पृष्ठभागाला जास्त वेळ चिकटून राहतो. बाउंडरी लेअरची कल्पना मांडणाऱ्या प्रांटल यांनी १९१४ मध्ये गोलावर बारीक तारेचं कडं बसवून हेच मुद्दाम केलं होतं. सेपरेशन मागे सरकलं आणि ड्रॅग (हवेचा विरोध) घटला. तेव्हा शिवणाचा बारीक दोरा घ्या, गोंदाचा छोटा ठिपका लावा, आणि प्रेशरची रीडिंग्ज आधी, कोऱ्या सिलिंडरवर घ्या. माझ्याकडे हा क्रम बदलत नाही.

दुसरी चूक शून्य अंशाची. प्रेशर मोजायला सिलिंडरवर एक बारीक भोक असतं, ते नळीने मॅनोमीटरला (प्रेशर मोजायच्या उपकरणाला) जोडलेलं असतं, आणि सिलिंडर फिरवून वेगवेगळ्या अंशांवर रीडिंग घेतात. हे भोक वाऱ्यासमोर 'बरोबर दिसतंय' म्हणून शून्य धरतात. पण समोरच्या बिंदूपाशी प्रेशर जवळपास सपाट असतं. दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले तरी मॅनोमीटर हलत नाही. ३० अंशांपाशी मात्र ते झपाट्याने पडतं. म्हणून डावीकडे ३० वर रीडिंग घ्या, उजवीकडे तेवढंच प्रेशर कुठे मिळतं ते शोधा. दोन्हींच्या मधोमध तुमचं शून्य. याला पाच मिनिटं लागतात. तेवढा धीर नसेल तर पुढची तासभराची रीडिंग्ज घेऊच नका.

सर्वांत कमी प्रेशरचा बिंदू म्हणजे सेपरेशन नव्हे. तो आधी येतो. पुढे प्रेशर थोडं चढून रेषा सपाट होते, तिथे बघा.

भोकाच्या कडेला बर (धातूची खरखरीत कड) असेल तर काढा. नळ्या फुंकून तपासा.

सिलिंडर टनेलच्या उंचीच्या दहाव्या भागाहून जाड नको, बाजूचा वेग उगाच वाढतो.

आणि हवेची घनता १.२२५ (किलो प्रति घनमीटर) लिहू नका. तो आकडा समुद्रसपाटीचा, १५ अंश सेल्सिअसचा. सोलापूर साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. तेव्हा घनता १.०६ च्या आसपास येते. १.२२५ धरली तर पिटोट ट्यूबवरून (प्रेशरवरून वेग काढायच्या नळीवरून) काढलेला वेग सुमारे सात टक्के कमी निघतो. लॅबमध्ये थर्मामीटर आणि बॅरोमीटर असतात. सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा त्यांचं रीडिंग जर्नलमध्ये लिहा, कारण टनेल तासभर चालला की आतली हवाही तापते.