मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम 2 शिकायचंय? तिसरा गडी आधी निवडा

मार्व्हल आणि कॅपकॉम या दोन कंपन्यांची पात्रं एकमेकांशी लढवणाऱ्या या फायटिंग गेममध्ये तीन जणांची टीम घ्यायची असते, आणि नवा माणूस ती पहिल्या जागेपासून भरत जातो. मीही तेच करायचो. आधी मॉरिगन, मग रयू, मग स्पायडर-मॅन. तिघंही माझे लाडके. मावसभाऊ मात्र मला रोज हरवायचा. एके दिवशी तो म्हणाला, "तू तिसरा आधी निवड. तुझ्या टीममध्ये धावून येणारं कुणीच नाही." त्या एका वाक्यानं माझा खेळ बदलला, म्हणून इथूनच सुरुवात करतो.

बटणं सहाच: हलका आणि जोरदार पंच, हलकी आणि जोरदार किक, आणि दोन असिस्टची. असिस्टचं बटण दाबलं की बाहेरचा साथीदार आत उडी मारतो, एक वार करतो आणि परत जातो. टीम निवडताना प्रत्येकाला आल्फा, बीटा किंवा गॅमा यांपैकी एक असिस्ट ठरवून द्यावा लागतो. इथे घाईनं पुढे जाऊ नका, कारण अर्धी मॅच याच पडद्यावर ठरते. तिसऱ्या जागी अँटी-एअर असिस्ट हवा, म्हणजे वरून झेपावणाऱ्याला अडवणारा. कॅप्टन कमांडोचा बीटा, सायक्लॉप्सचा बीटा किंवा सायलॉकचा आल्फा घ्या. मी नवख्याच्या हाती कमांडोच देतो. त्याचा विजेचा खांब जमिनीपासून पार वरपर्यंत जातो, त्यामुळे वेळ थोडी चुकली तरी निभावतं.

मग दुसरा आणि पहिला. केबल, सेंटिनेल, कॅप्टन कमांडो या जुन्या टीमला खेळाडू 'टीम स्क्रब', म्हणजे कच्च्या खेळाडूंची टीम, म्हणतात. नावाकडे लक्ष देऊ नका, शिकायला याहून चांगली टीम मला माहीत नाही. केबल लांबून गोळ्या झाडतो, खांब त्याच्यासमोरची जागा राखतो, आणि सेंटिनेल इतका दणकट आहे की त्याच्या बऱ्याच वारांच्या मधे एखादा हलका फटका बसला तरी तो थांबत नाही.

प्रॅक्टिस मोडमध्ये पहिले काही दिवस फक्त तीन गोष्टी करा. पहिली, ब्लॉक करत असताना दोन्ही पंच एकदम दाबणं. त्यानं समोरचा मागे ढकलला जातो. हे येत नसेल तर कोपऱ्यात अडकलेला माणूस कोपऱ्यातच संपतो. दुसरी, साखळी. हलका पंच दोनदा दाबला की दुसऱ्यांदा मध्यम पंच निघतो. मधल्या ताकदीला वेगळं बटण नाही, हे मला फार उशिरा कळलं. साखळीच्या शेवटी समोरच्याला वर उडवणारा वार येतो. बऱ्याच जणांचा तो खाली किंवा खाली-पुढे धरून जोरदार बटणानं निघतो. लगेच वर दाबून त्याच्या मागे उडी घ्या आणि हवेत हलका पंच, हलकी किक, पुन्हा पंच, पुन्हा किक. तिसरी, केबलचा हवेतला हायपर व्हायपर बीम: खाली, खाली-पुढे, पुढे आणि दोन्ही पंच. साठवलेल्या ताकदीच्या पट्टीतली एक लेव्हल खर्च होते, आणि समोरच्यानं बेसावधपणे असिस्ट बोलावला असेल तर तो आणि त्याचा साथीदार दोघंही किरणात सापडतात. खेळाडू याला 'हॅपी बर्थडे' म्हणतात.

साथीदार बदलायला एकाच बाजूचा, म्हणजे हलका किंवा जोरदार, पंच आणि किक एकत्र दाबतात. पण असा बदल उघड्यावर होतो आणि मार बसतो. सुरक्षित वाट म्हणजे एकाचा हायपर (लेव्हल खर्चून टाकलेला मोठा वार) चालू असतानाच पुढच्याचा हायपर टाकणं. आत येणारा वार करतच येतो, बाहेर गेलेल्याची लाल झालेली एनर्जी हळूहळू भरून निघते. लेव्हल पाचपर्यंत साठतात. त्यातल्या दोन या बदलासाठी राखून ठेवा.

आता या गेमचं दुखणं. 2000 साली आर्केडमध्ये आला तेव्हा त्यात 56 पात्रं होती, दोन्ही बाजूंची 28-28. ऐकायला भरगच्च. पण मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनेल आणि केबल बाकीच्यांच्या इतके वर आहेत की जिंकायला खेळणारे पुन्हा पुन्हा त्यांच्याचकडे येतात. चौघंही एक्स-मेनच्या जगातले. नाव दोघांचं असलेल्या गेममध्ये कॅपकॉमच्या वाट्याला बहुतेक वेळा पाठीराख्याचं काम यावं, हे मला आजही खटकतं. स्ट्रायडर हा सन्माननीय अपवाद, आणि त्यालाही जोर येतो तो मागे डॉक्टर डूम असला तरच.

आयर्न मॅनच्या न संपणाऱ्या कॉम्बोत सापडलात तर कंट्रोलर खाली ठेवून बघत बसण्यापलीकडे हातात काही नसतं. बरीचशी चित्रं जुन्या गेममधून उचललेली आहेत. मॉरिगन 1994च्या डार्कस्टॉकर्सच्या काळातली, आणि त्रिमितीय मैदानावर ती ठिगळासारखी दिसते. कथा जवळजवळ नाहीच. पार्श्वसंगीत जॅझचं आहे, ते मात्र मला मनापासून आवडतं.

खेळायचा कशावर? 2009ची डाउनलोड आवृत्ती 2013च्या शेवटी दुकानांतून निघाली आणि कितीतरी वर्षं जुन्या डिस्कशिवाय सोय नव्हती. 2024च्या सप्टेंबरमध्ये मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम फायटिंग कलेक्शन आलं, त्यात हा गेम धरून सहा फायटिंग गेम आणि द पनिशर आहे. रोलबॅक (नेटचा उशीर झाकणारी सोय) असल्यामुळे ऑनलाइन मॅच बऱ्यापैकी सरळ चालते. पण शिकणाऱ्यासाठी त्यातली सर्वांत मोलाची सोय म्हणजे प्रॅक्टिस मोडमधले हिटबॉक्स, म्हणजे वार नेमका कुठे लागतो ते दाखवणाऱ्या चौकटी. ते चालू करा आणि कमांडोचा खांब दहा वेळा बोलावा. बटण दाबल्यापासून वार निघेपर्यंत किती वेळ जातो ते डोळ्यांनी दिसेल. तेवढा वेळ कमांडो उघडा असतो, म्हणजे तेवढा वेळ तुम्ही त्याच्या पुढे उभं राहून समोरच्याला गुंतवून ठेवायचंय.

पहिल्या वीसेक मॅच हरजीत मोजू नका. समोरचा असिस्ट कधी बोलावतो तेवढंच बघा. बहुतेक जण एकाच सवयीनं बोलावतात: उडी मारण्याआधी, किंवा मार खाऊन उठल्याबरोबर. ती सवय ओळखता आली की केबलचा किरण कधी सोडायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही.

हात बसला की केबलला बाजूला काढा आणि तुमचं लाडकं पात्र पुढे आणा. मागचे दोघं मात्र हलवू नका. माझी मॉरिगन आता पुढे असते, मागे सेंटिनेल आणि कमांडो. ती वरून झेपावते, खाली खांब उभा असतो, आणि मावसभाऊ अजून ब्लॉक सोडायचं धाडस करत नाही.