रस्त्यावरच्या फोटोत भाव उतरत नाही? या चुका टाळा

फोटो शार्प आहे, उजेड बरा आहे, फ्रेमही नीट बसली आहे, तरी बघणारा क्षणभर थांबत नाही. स्ट्रीट फोटोग्राफी करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. त्यावर बरेच जण नवी लेन्स शोधायला लागतात. लेन्सचा दोष क्वचितच असतो. भाव बहुधा बटण दाबायच्या आधीच निसटलेला असतो, नाहीतर नंतर कॉम्प्युटरवर पुसला जातो.

चेहऱ्यामागे धावणं

भाव म्हणजे चेहरा, असं आपण धरूनच चालतो. मग हसणारी, रडणारी, ओरडणारी माणसं टिपली जातात आणि तो फोटो एका नजरेत संपतो. चारचौघांत माणसं चेहरा सांभाळून असतात. हात, खांदे, मान यांच्यावर तेवढा ताबा नसतो.

रेल्वेच्या फलाटावर निरोप द्यायला आलेल्या माणसाकडे बघा. गाडी हलली की तो हात हलवतो आणि फोटोग्राफर नेमका तेव्हाच बटण दाबतो. शेवटचा डबा निघून गेल्यावर हात हलायचा थांबतो, पण लगेच खाली येत नाही. बोटं अर्धवट मिटलेली, नजर अजून रुळांवर. दोन-तीन सेकंद हे असं राहतं. मग तो खिशातून मोबाइल काढतो आणि गर्दीतला एक होऊन जातो. फोटो त्या दोन-तीन सेकंदांत होता. घटना संपली की लगेच कॅमेरा खाली घ्यायची सवय आधी मोडा.

माणसांमधल्या अंतराचंही तेच. एका बाकावर दोघं बसले आहेत, मध्ये पिशवी ठेवली आहे, तोंडं दोन दिशांना. पिशवी गाळून जवळचा क्रॉप घेतलात तर दोन चेहरे उरतात, अबोला जातो. अमेरिकन फोटोग्राफर सॉल लायटरने १९५०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये काढलेल्या रंगीत फोटोंत तर कित्येकदा चेहरा दिसतच नाही. वाफ धरलेली काच, एखादी छत्री, बर्फातली पाठमोरी आकृती, एवढ्यावर काम होतं.

लांबून, लपून

२०० मिमीची टेली लेन्स (लांबचं जवळ आणणारी) लावून रस्त्याच्या पलीकडून काढलेल्या फोटोत माणूस मोठा दिसतो, पण बघणारा त्याच्या शेजारी उभा राहत नाही. (लायटरही टेली वापरायचा. पण त्याच्या फोटोंत ती लपण्यासाठी वापरल्यासारखी वाटत नाही.) जवळ जायची भीती असेल तर निदान फोकसची काळजी मिटवून टाका. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) एफ ८, फोकस ३ मीटरवर कायम. साधारण २ ते ७ मीटरमधलं सगळं पुरेसं शार्प येतं. मग लक्ष कॅमेऱ्याकडून माणसांकडे वळतं. कोणी पाहिलं तर हसा, नको म्हणालं तर फोटो पुसून टाका.

कॅमेऱ्याला 'दुरुस्ती' करू देणं

ही चूक फारशी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मूड सगळ्यात जास्त तिच्यामुळेच जातो. समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या टोनचं असणार, असं कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर गृहीत धरतं. म्हणून तिन्हीसांजेची अंधारी गल्ली फोटोत भर दुपारसारखी उजळते आणि जी उदासी बघून तुम्ही थांबलात तीच नाहीशी होते. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सेटिंग) उणे १ वर न्या, गरज पडली तर आणखी खाली. सावल्या काळ्या पडल्या तर पडू द्या. त्यांच्यात काय आहे हे बघणाऱ्याला दिसलंच पाहिजे असं नाही.

ऑटो व्हाइट बॅलन्सही, म्हणजे उजेडाच्या रंगाची छटा आपोआप काढून टाकणारी सेटिंगही, असाच घात करतो. दिव्याचा पिवळेपणा तो पांढऱ्याकडे ओढतो, पावसाळी संध्याकाळचा निळेपणा काढून टाकतो. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर, म्हणजे साधारण ५२०० ते ५५०० केल्विनवर ठेवून द्या. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढत असाल तर रंग नंतर बदलता येतो हे खरं, पण मागच्या स्क्रीनवर बेचव रंग दिसला की चांगल्या जागेवरून पाय लवकर निघतो. मोबाइलवर काढत असाल तर नाइट मोड आणि एचडीआर (उजळ-गडद भाग एकत्र सावरणारा मोड) बंद करून बघा. दोन्ही सावल्या उजळवतात.

फसलेला रंगीत फोटो कृष्णधवल करून गंभीर होत नाही. उगाच काँट्रास्ट वाढतो, एवढंच.

दुःख फुकटात उचलणं

फुटपाथवर झोपलेला माणूस, हात पसरलेली म्हातारी. यात भाव तुम्ही टिपलेला नसतो, परिस्थितीनं आयता दिलेला असतो, आणि ज्याचा फोटो आहे त्याला नाही म्हणायची सोयही नसते. माझं मत विचाराल तर शिकत असताना हा विषय सरळ सोडून द्यावा. कंटाळा, घाई, संकोच, दोन मित्रांमधली चेष्टा हे भाव टिपायला जास्त अवघड आहेत आणि रस्त्यावर ढिगानं मिळतात.

त्याच रात्री निवड करणं

दिवसभर फिरून आल्यावर प्रत्येक फ्रेमला आपला अनुभव चिकटलेला असतो. कोणी हसून बोललं, पावसात भिजलो, ते फोटोत नसलं तरी आपल्याला दिसतं. अमेरिकन स्ट्रीट फोटोग्राफर गॅरी विनोग्रांड फिल्मचे रोल धुवायला मुद्दाम वर्ष-दोन वर्षं थांबायचा, त्यामागचा विचार हाच होता. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा सुमारे २,५०० रोल न धुतलेले निघाले, म्हणजे थांबण्यालाही मर्यादा हवी. दोन-तीन आठवडे पुरेत. तेवढ्यात ती गल्ली, तो पाऊस डोक्यातून उतरतो. मग फोटो छोट्या आकारात, एकामागून एक बघा. ज्यावर बोट आपोआप थांबतं ते बाजूला काढा आणि तिथे हजर नसलेल्या एखाद्याला फोटोबद्दल काही न सांगता दाखवा. "हे कुठलं?" एवढंच विचारलं तर फोटो माहितीचा झाला आहे. "हिला काय झालंय?" असं विचारलं तर ठेवा.

फोटोखाली 'एकाकीपणा' किंवा 'आयुष्याची संध्याकाळ' असलं काही लिहू नका. जागा आणि वर्ष पुरे.