चार माणसं, एक टोपली आणि बंद पडलेली लिफ्ट

ऑपेरेटा, म्हणजे संवाद आणि गाणी असलेलं हलकंफुलकं संगीत नाटक, लिहायला घेणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा एकच सांगते : गोष्ट सुचायच्या आधी माणसं मोजा. चार. पाचवं पात्र डोक्यात घुटमळायला लागलं, तर त्याला दाराबाहेर उभं करा आणि आतल्या चौघांना त्याच्याबद्दल बोलू द्या.

हा आकडा माझ्या मनाचा नाही. १८५५च्या जुलैत संगीतकार झाक ऑफेनबाखनं पॅरिसला शाँझेलिझेवर, जागतिक प्रदर्शनाला येणाऱ्या गर्दीच्या वाटेवर, एका चिमुकल्या थिएटरात 'बूफ-पारिझियाँ' सुरू केलं. परवान्यात अट होती : एकांकी खेळ, आणि बोलणारी-गाणारी पात्रं सुरुवातीला तीन-चारच. पहिल्या रात्रीच्या खेळांमध्ये पुलावर भीक मागणारे दोन आंधळे होते. दोघेही खरं तर धडधाकट डोळ्यांचे, आणि जागेवरून भांडणारे. दोन माणसं, एक पूल, संपलं! १८५७च्या 'क्रोकफेर'मध्ये त्यानं अटीलाच वळसा घातला. त्यातल्या एका योद्ध्याची जीभ कापलेली असते, म्हणून तो बोलत नाही, पाट्या दाखवतो. म्हणजे माणूस वाढला, पण 'बोलणारं पात्र' वाढलं नाही. अटीतूनच विनोद जन्मला. आजच्या छोट्या मंडळींना परवान्याची अट नसते, पण पैशांची असते, आणि ती तितकीच कामाला येते.

मी मूळची सांगलीची. गेली चौदा वर्षं फ्रान्समध्ये लियाँला राहते आणि हौशी ऑपेरेटा मंडळींच्या तालमींना पियानो वाजवते. मित्रासोबत तीन एकांकी ऑपेरेटा उभ्या केल्या. संगीत त्याचं, मांडणी आणि शब्द दोघांचे. पहिलीत अकरा पात्रं होती आणि ती अडीच तास चालली. तालमीला अकराच्या अकरा जण एकाच संध्याकाळी कधीच आले नाहीत, त्यामुळे शेवटचा समूह-प्रवेश आम्ही प्रयोगाच्या दिवशीच पहिल्यांदा सलग गायलो आणि तो मध्येच तुटला. तिसरी सव्वा तासाची, चौघांची. ती चांगली झाली, म्हणून तिच्यावरूनच सांगते.

विषय आजचा हवा, आणि त्यात थोडी सत्ता हवी. ऑफेनबाखच्या १८५८च्या 'ऑर्फे ओझाँफेर'मध्ये ऑलिम्पस पर्वतावरचे देव अमृताला कंटाळून बंड करतात आणि त्या बंडाच्या समूहगीतात 'ला मार्सेयेज' या फ्रेंच क्रांतीच्या गाण्याची चाल डोकावते. तिसऱ्या नेपोलियनच्या बादशाही राजवटीत हे गाणं सरकारला खुपणारं होतं. प्रेक्षकांना कळायचं की हा ऑलिम्पस म्हणजे आपलाच दरबार. आज देवांचा राजा ज्युपिटरची टिंगल करून कुणाचं काही जात नाही. म्हणून अशी जागा शोधा जिथे तुमचे प्रेक्षक कालच भांडून आलेत. आम्हाला ती आमच्याच इमारतीत सापडली : सोसायटीची वार्षिक सभा.

लियाँच्या क्र्वा-रूसच्या टेकडीवर रेशीम विणणाऱ्यांच्या जुन्या इमारती आहेत. झाकार्डचे उंच माग मावावेत म्हणून त्यांची छतं जवळपास चार मीटर उंच ठेवलेली. तिथला पाचवा मजला म्हणजे बाकीच्या ठिकाणचा सातवा-आठवा. अशा इमारतीत लिफ्ट बंद पडणं ही मोठीच घटना. शिवाय फ्रान्समध्ये लिफ्टचा खर्च ज्याला तिचा जितका उपयोग तितका विभागला जातो, त्यामुळे तळमजल्यावरच्याला तो सहसा पडतच नाही. भांडण कायद्यानंच लिहून दिलंय.

आता घोटाळा. घोटाळ्याला हातात धरता येईल अशी एक वस्तू लागते. हे मला फ्रान्समध्ये कुणी शिकवलं नाही, सांगलीतच शिकले. फ्रेंच नाटककार मोलिएरचं १६६०चं 'स्गानारेल' हे प्रहसन एका इंग्रजी नाटककारामार्फत देवलांपर्यंत पोचलं आणि पुढे १९१६मध्ये त्याचं 'संगीत संशयकल्लोळ' रंगमंचावर आलं. पॅरिसपासून आपल्या कृष्णाकाठापर्यंत त्यात टिकून राहिलं काय? चुकीच्या हातात पडलेली तसबीर. वस्तू फिरते, तिच्यामागे माणसं फिरतात, आणि प्रत्येकाला अर्धंच दिसतं.

आमची वस्तू म्हणजे लिफ्टच्या पेटीची किल्ली. तळमजल्यावर सोसायटीच्या समितीचे अध्यक्ष राहतात, विधुर, बॅरिटोन (पुरुषाचा मधल्या पट्टीचा आवाज). पाचव्यावर एक वयस्क बाई, मेझो (बाईचा मधल्या पट्टीचा आवाज). लिफ्ट बंद असल्यामुळे बाई रोज सकाळी दोरीला बांधून टोपली खाली सोडतात आणि अध्यक्ष त्यात ताजा पाव ठेवतात. टोपली त्यांच्या खिडकीसमोरून उतरताना वरून बाईंचं गुणगुणणं ऐकू येतं. किल्ली अध्यक्षांच्याच खिशात आहे, लिफ्ट त्यांनीच बंद केलीय. तिसऱ्यावर भाड्यानं राहणारा तरुण, टेनर (पुरुषाचा उंच आवाज). त्याला लिफ्ट दुरुस्त करायला येणारी मुलगी आवडते, ती सोप्रानो (बाईचा सर्वांत उंच आवाज). काम झालं की ती परत येणार नाही, म्हणून तोही रोज एक वायर सोडवून ठेवतो. दोन पुरुषांना लिफ्ट बंद हवी, दोन बायकांना चालू, आणि कुणीही खरं कारण बोलू शकत नाही. घोटाळा एवढा साधा हवा, की तो भाजीवाल्याला दोन वाक्यांत सांगता यावा. मी खरंच सांगून पाहिला. त्याला कळला आणि त्यानं विचारलं, 'मग बाईंना कधी कळतं?' तेव्हा मी लिहायला बसले.

आधी नुसते संवाद लिहा आणि संगीताशिवाय, टेबलाभोवती बसून मोठ्यानं वाचा. गोष्ट तिथेच चालली पाहिजे. मग गाणं कुठे घालायचं? जिथे पात्राला बोलता येत नाही तिथे. अध्यक्ष सभेत नियम वाचतात ते बोलतात, टोपली दिसली की गातात.

इथे मला माझ्या हाडीमाशी मुरलेल्या नाट्यसंगीताशी बराच झगडा करावा लागला. आपलं पद फुलतं. गायक जागा घेतो, तान घेतो, वन्स मोअर येतो, आणि कथा तोवर आनंदानं थांबून राहते. मला ते प्राणापलीकडे प्रिय आहे, पण ऑपेरेटात चालत नाही. इथलं 'कूप्ले', म्हणजे दोन-तीन कडवी आणि ध्रुवपद, संपेपर्यंत काहीतरी बदललेलं असावं लागतं. मी प्रत्येक गाण्याच्या हस्तलिखितावर पेन्सिलनं दोन ओळी लिहिते : गाण्याआधी याला काय ठाऊक होतं, गाण्यानंतर काय ठाऊक आहे. दोन्ही ओळी सारख्याच असल्या तर गाणं काढायचं, कितीही गोड असलं तरी.

शब्द आणि चाल जुळवण्याची फ्रेंच पद्धत मराठी माणसाला लगेच उमजेल. संगीतकाराला आधी चाल सुचली तर तो तिच्यावर निरर्थक शब्द बसवून देतो. त्याला 'मोंस्त्र' म्हणतात, म्हणजे राक्षस. अर्थ शून्य, पण अक्षरं आणि आघात अचूक. आपल्या जुन्या नाटकांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल –' असं छापलेलं असे, तसंच हे. माझ्या मित्रानं बाईंच्या गाण्यासाठी दिलेला राक्षस होता : 'मों शा, मों शा ना पा दोर्मी', माझी मांजर, माझी मांजर झोपली नाही. आठ अक्षरं, आघात दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्यावर. मी तीन दिवस ते पुटपुटत जिना चढले-उतरले. शेवटी आलं : 'पान्ये, पान्ये, देसाँ साँ ब्र्वी', टोपले गं टोपले, उतर, आवाज करू नको. मांजर गेली, टोपली बसली.

फ्रेंच शब्दाच्या शेवटी जो न उच्चारला जाणारा स्वर असतो तो गाताना जिवंत होतो, त्यालाही सूर द्यावा लागतो. फ्रेंच शिकणारे इथे अडखळतात. आपण नाही अडखळत. बोलताना आपण 'घर्' म्हणतो, पण पदात 'घ-र' असं पूर्ण गातो. नेमकं तेच.

आता हसवण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. हसवण्याचं काम सुरांवर सोपवा, आणि गाणाऱ्याला शेवटपर्यंत गंभीर ठेवा. १८६४च्या 'ला बेल एलेन'मध्ये राजे एकेक करून प्रवेश करतात. मेनेलास गातो, 'ज स्वि लेपू द ला रेन', मी राणीचा पती. आणि मग चालीच्या हट्टामुळे शब्दाचं शेपूटच पुन्हा येतं : 'पू द ला रेन, पू द ला रेन'. 'पू' म्हणजे उवा. राजा स्वतःला राणीच्या उवा म्हणवत डौलात चालत येतो. बोलून दाखवलं तर हा विनोद उरत नाही, तो चालीनं केलाय.

आम्ही याच वाटेनं गेलो. आमचे अध्यक्ष प्रवेश करतात ते संचलनाच्या ठेक्यावर : 'ज स्वि ल प्रेझिदाँ द्यु कोंसेय सँदिकाल', मी समितीचा अध्यक्ष. मित्रानं 'कों' या अक्षरावर एक लांब, भारदस्त सूर ठेवला, नंतर थांबा. 'द्यु कों...' थांबा. 'द्यु कों...' थांबा. आणि मग 'द्यु कोंसेय सँदिकाल!' फ्रेंचमध्ये 'कों' हा एकटा शब्द म्हणजे बावळट, शिवीच्या अगदी उंबरठ्यावरचा. पहिल्या थांब्याला कुणी हसत नाही, लोकांना वाटतं गायकाचा श्वास संपला. दुसऱ्याला अख्खं सभागृह कोसळतं. पण एका तालमीत गायकानं दुसऱ्या 'कों'वर प्रेक्षकांकडे बघून डोळा मारला आणि सगळं विझलं. त्याला सांगितलं, हा तुझ्या आयुष्यातला सर्वांत मानाचा क्षण आहे, छातीवर पदक असल्यासारखा गा. तसा गायला आणि पियानोवर माझीच बोटं थरथरली.

एक जागा अशी ठेवा जिथे कुणीही हसणार नाही. १८६८च्या 'ला पेरिशोल'मध्ये लिमातली रस्त्यावर गाणारी मुलगी भुकेनं हरते आणि प्रियकराला निरोपाचं पत्र लिहिते. साधी चाल, काही वेडवाकडं नाही. सगळ्या दंग्याच्या मध्ये ते पत्र ठेवलंय म्हणूनच पुढचा दंगा सोसवतो. आमची ती जागा म्हणजे टोपलीचं दुसरं कडवं. बाईंना कळलंय की लिफ्ट अध्यक्षांनीच बंद केलीय. चिडण्याऐवजी त्या टोपली रिकामी सोडतात, पावाचे पैसे न ठेवता, आणि खालून काय येतं त्याची वाट पाहतात. हे गाणं आम्ही प्रेक्षकांच्या हशानंतर लगेच ठेवलं, मध्ये संवाद न घालता.

वाद्यं कमी ठेवा. आमच्याकडे पियानो, क्लॅरिनेट, चेलो, डबल बास, एवढंच. पहिल्या खेळात अकॉर्डियनही होतं, आणि ते गायकाच्याच पट्टीत भरून वाजायचं. एकही विनोद तिसऱ्या रांगेपलीकडे पोचला नाही. आजोबा सांगलीत संगीत नाटकांना पेटीची साथ करायचे. माझ्या हातावर टिचकी मारून म्हणायचे, 'अगं, पेटीनं शब्द खाऊ नकोस.' त्यांनी शिकवलेलं अजून कामी येतं : शब्दाखाली फक्त ठेका, खालचा सूर समेवर आणि वरचे सूर मधल्या मोकळ्या जागेत. भराव घालायचा तो दोन ओळींच्या मधल्या श्वासात.

आवाजांची चिंता नको. १८६६ची 'ला व्ही पारिझियेन' ज्या पाले-रोयाल थिएटरात झाली तिथले बहुतेक जण नट होते, गायक नव्हते, आणि तयार गायिका म्हणून झ्युल्मा बुफारला आणलं होतं. ऑफेनबाखनं चाली त्यांना झेपतील अशाच बांधल्या. तुमच्या चौघांचे वरचे-खालचे सूर आधी मोजा, मग लिहा.

फ्रान्समध्ये करत असाल तर ऑपेरेटाची नोंद नाट्यलेखकांच्या 'एसएसीडी' (SACD) संस्थेत करा, कारण ती रंगमंचीय कृती धरली जाते. सुट्या गाण्यांची संस्था निराळी. संगीतकार-लेखकांमधली वाटणी पहिल्या तालमीआधी कागदावर आणा. मैत्री टिकते.

राहिला समूह. चौघांत समूह कुठून आणणार? आम्ही प्रेक्षकांनाच सोसायटीचे सभासद केलं. दारातच प्रत्येकाला मजला लिहिलेली चिठ्ठी आणि दोन कार्डं मिळतात, हिरवं आणि लाल. शेवटच्या प्रवेशात अध्यक्ष लिफ्टच्या दुरुस्तीवर खरंखुरं मतदान घेतात, आणि तळमजल्याच्या चिठ्ठ्या मिळालेले लोक अगदी मनापासून लाल कार्डं उंचावतात. म्हणून अंतिम समूहगीतं दोन लिहावी लागली. एकात लिफ्ट सुरू होते आणि अध्यक्ष पाव घेऊन स्वतः वर जातात. दुसऱ्यात ठराव पडतो आणि बाई पाच मजले उतरून खाली येतात, प्रत्येक मजल्याला अर्धा सूर खाली. कार्डं मोजली जात असताना चेलो एकाच सुरावर थांबलेला असतो, मी पियानोवर दोन्ही प्रती उघड्या ठेवते, आणि सभागृहाच्या मागून आमची मदतनीस हात वर करते : मूठ म्हणजे मंजूर, पंजा म्हणजे नामंजूर.