आझाद मैदानावर चेंडू कसा बघायचा

आझाद मैदानात 22 खेळपट्ट्या. रविवारी आपल्या मिडऑनच्या पाठीला पाठ लावून दुसऱ्याच मॅचचा पॉइंट उभा असतो. साइटस्क्रीनचं नाव नको. बॉलरच्या हातामागे जी हालचाल दिसते ती तिसऱ्याच टीमची, कपडे तेच पांढरे, चेंडूही तसाच लाल. नवीन पोरगा हमखास विचारतो, 'सर, तिकडं लक्ष जाऊ नये म्हणून काय करू?'

पहिलं म्हणजे 'मागे बघायचं नाही' असं मनात घोकू नकोस. मोहर आणि एगेथ या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2012 साली हे तपासलं. अमुक रंगाकडे दुर्लक्ष करा असं आधी सांगितलं, तर लक्ष आधी नेमकं त्याच रंगावर गेलं, आणि थोडी उसंत मिळाल्यावरच तो रंग बाजूला टाकता आला. बॉलर रनअपमध्ये असताना ही उसंत कुठून आणणार? म्हणून गार्ड घेतल्यावर बॅट टेकव आणि सावकाश बघून घे. हातामागे कोण उभा आहे, पलीकडचा बॉलर कुठून धावतो, पाण्याची बाटली घेऊन कोण निघालाय. पोटभर बघ. बॉलर वळला की संपलं. धावताना त्याच्या अंगावर नजर सैल ठेव, उडी घेतली की हातावर आण.

आणि 'लाल चेंडू' शोधू नकोस. आपण जे शोधत असतो त्याच्यासारखं काहीही आपल्याला ओढतं, फोक आणि मंडळींनी 1992 मध्येच दाखवलंय. लाल शोधलास तर शेजारचा उडालेला कॅचही तुझाच! रंग नको, जागा धर: चेंडू सुटतो ती मनगटाजवळची वीतभर जागा. मी नेटमध्ये प्रत्येक बॉलनंतर विचारतो, चमक कुठल्या बाजूला होती? उत्तर आलं नाही तर नजर हातावर नव्हती. शंभरच्या वेगाचा चेंडूसुद्धा अर्ध्या सेकंदाच्या थोडा वर, एवढाच वेळ देतो.

फिल्डिंगचं गणित वेगळं. आम्स्टरडॅमच्या वँग आणि थ्यूवेस यांचा 2018 चा प्रयोग मला फार आवडतो. व्यत्यय पुन्हा पुन्हा एकाच जागी आला की कोणी न सांगता मन ती जागा दाबून टाकतं. पण मग हवी असलेली वस्तू तिथंच आली तर तीही उशिरा सापडते. शेजारच्या मॅचच्या गोंगाटाकडे तोंड करून तासभर उभा राहिलेला पोरगा त्या बाजूने आलेल्या आपल्याच थ्रोला उशिरा हलतो, त्याचं कारण मी तरी हेच धरतो. म्हणून काही ओव्हरनंतर कव्हर आणि मिडविकेटची अदलाबदल करतो. कॅप्टन कुरकुरतात, कुरकुरू देत.

एवढं करूनही ऐनवेळी कोणी हातामागून चालत गेलाच, तर लाजू नकोस. हात वर कर, बाजूला हो. अंपायर डेड बॉल देतो आणि तो बॉल ओव्हरमध्ये धरत नाहीत. मात्र बॅट फिरवल्यावर हात वर केलास तर कोणी ऐकणार नाही.