जुना घोडा-ट्रेलर घेताना : माझा अनुभव

वरातीच्या दोन घोड्या सोलापूरहून अकलूजच्या घोडेबाजारापर्यंत भाड्याच्या टेम्पोतून नेण्याचा कंटाळा आल्यामुळे मी गेल्या वर्षी दोन घोड्यांचा एक जुना ट्रेलर पाहण्यास गेलो. रंग नुकताच मारलेला होता आणि माझ्या मते तीच पहिली शंका घेण्याची जागा होती. आर.सी.वरील चेसिस क्रमांक ट्रेलरवरील क्रमांकाशी जुळवून पाहिला, तो बरोबर निघाला. टायरची नक्षी उत्तम दिसत होती, परंतु कडेवर 2314 हे चार अंक होते, म्हणजे टायर 2014 सालच्या 23व्या आठवड्यातला.

खरा दोष तळाशी होता. मालकाची नाराजी पत्करून मी रबरी मॅट उचलली, तेव्हा मुताचा उग्र दर्प आला आणि मागच्या कोपऱ्यातील फळीत पेचकस मुठीपर्यंत लोण्यात जावा तसा शिरला. घोड्याचे मूत मॅटखाली साचून लाकूड कुजवते आणि त्याखालचे लोखंडही खाते. साडेतीनशे-चारशे किलोचे जनावर चालत्या गाडीत अशा फळीवर उभे राहिले, तर त्याचा पाय थेट रस्त्यावर जाईल.

टायर आणि तळाचा खर्च वजा करूनच किंमत ठरवली. होटगी रोडवरील वेल्डरने गंजलेले दोन आडवे चॅनेल बदलले, सुताराने सगळ्या फळ्या नव्या बसवताना पाणी निथळण्यापुरती फट ठेवली आणि चाकांच्या बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरले. आता प्रत्येक फेरीनंतर मॅट उन्हात उभी करतो. थोरली घोडी मात्र रॅम्पवर चढण्यास अजूनही गुळाचा खडा मागते.